मदत हवी आहे: ग्रीन बिल्डिंगच्या कामात शिरले खरी, पण अभियंता होतेय की कारकून?

नमस्कार मंडळी,

सिव्हिलची पदवी घेऊन सव्वा वर्ष झालं. शेवटच्या वर्षाला इमारतींच्या ऊर्जावापरावर प्रकल्प केला, त्यातच डोकं रमलं आणि निकाल लागताच एका ग्रीन बिल्डिंग सल्लागाराकडे नोकरीला लागले. आता खरं सांगायचं तर मी दिवसभर ग्रीन प्रमाणपत्रासाठीचे कागद गोळा करते. रंगात व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं) किती, पोलादात भंगाराचा वाटा किती, लाकडाचं प्रमाणपत्र कुठंय. पुरवठादाराला मेल, मग फोन, मग पुन्हा मेल. पत्र आलं की फोल्डरात टाकायचं आणि तक्त्यातली चौकट हिरवी करायची.

इमारतीला किती ऊर्जा लागेल याच्या संगणकावरच्या मॉडेलिंगला मधूनच कधीतरी हात लावू देतात. गेल्या महिन्यात एका ऑफिसच्या इमारतीचं एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल माझ्याकडे आलं. त्यात काचेचा एसएचजीसी ०.२५ धरलेला, म्हणजे काचेवर पडणाऱ्या उन्हाच्या उष्णतेतला पाव हिस्साच आत येणार. खरेदीची ऑर्डर सहज नजरेखाली गेली, तर तिथे काच ०.४० ची. म्हणजे काचेतून येणारं ऊन दीडपटीहून जास्त! आकडा बदलून मॉडेल पुन्हा चालवलं आणि पश्चिमेच्या खोल्यांचा कूलिंग लोड, म्हणजे एसीला बाहेर काढावी लागणारी उष्णता, चांगलाच वर गेला. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "सबमिशन गेलंय, आता राहू दे." राहिलं. एसी जुन्या आकड्यावरच निवडलेत. त्या खोल्यांत दुपारी माणसं बसणार आहेत, हे काही डोक्यातून जात नाही.

तर विचारायचंय असं, की लीड ग्रीन असोसिएटची (ग्रीन बिल्डिंगच्या लीड मानांकनाची प्राथमिक) परीक्षा देण्यात अर्थ आहे का? आणि पुढे शिकायचंच तर कशात: बिल्डिंग फिजिक्स (इमारतीतली उष्णता, हवा, ओलावा), एचव्हीएसी (एसी आणि वायुवीजन), की सरळ स्ट्रक्चर? स्ट्रक्चर माझं बरं आहे, थर्मोडायनॅमिक्स मात्र कसंबसं सुटलेलं. एक मित्र म्हणतो, हे ग्रीनबीन सोड, आधी दोन वर्षं साईटवर जा. ऐकून राग आला होता. आता वाटतं, तो चुकत नसावा.

कोपऱ्यातला कॉलम:
तू म्हणतो, राग मानू नकोस, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

स्ट्रक्चर बरं असेल तर ते सोडू नकोस. ग्रीन म्हटलं की लोकांना छतावरची सौर पॅनेलं दिसतात. इमारतीत पहिला दिवा लागायच्या आधीच किती कार्बन हवेत गेला, ते फार थोडे विचारतात. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के. त्यातलाही निम्म्याहून जास्त भट्टीच्या इंधनाचा नाही, चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटणाऱ्या वायूचा. भट्टी विजेवर चालवली तरी तो सुटणारच. मग उपाय उरतो सिमेंट कमी लावण्याचा, आणि तो कॉलममधलं अंतर आणि स्लॅबची जाडी ठरवणाऱ्याच्या हातात.

आमचीच फजिती सांगतो. एका राफ्टला, म्हणजे इमारतीखालच्या सलग पायाच्या स्लॅबला, निम्मं सिमेंट काढून स्लॅग (पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी) घातलं. कागदावर झकास. पण स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, आणि ड्रॉइंगवर अट नेहमीचीच, ठरलेली ताकद २८ दिवसांत यायची. सात दिवसांनी दाबून पाहिलेले चाचणीचे क्यूब कमी आले, कंत्राटदार घाबरला आणि पुढच्या ओतकामाला सिमेंट वाढवून मोकळा झाला. वाचवलेलं गेलं. अहो, राफ्टवर पूर्ण भार यायला कित्येक महिने लागतात. "ताकद ५६ दिवसांची" एवढंच आधी लिहून ठेवलं असतं तर भागलं असतं. ते लिहायचं धाडस साईटवर उभं राहिल्याशिवाय येत नाही. मित्राचं ऐक.

उष्मामापक:
कॉलमसाहेबांशी निम्मी सहमत. साईटवर जा, पण उष्णतेचा नाद सोडू नका.

परीक्षेचं आधी उरकते. १०० प्रश्न, दोन तास, २०० पैकी १७० ला पास, अनुभवाची अट नाही. नोकरी बदलायची असेल तर देऊन टाका, अर्ज पहिल्या चाळणीत अडकत नाही. त्यापुढे तिचा उपयोग नाही.

त्यापेक्षा हे करा: स्वतः राहता त्या घराचं मॉडेल बांधा. एनर्जीप्लस फुकटच आहे. मग वर्षभराची वीजबिलं शेजारी ठेवून जुळवा. अ‍ॅश्रे या एसी-वायुवीजनातल्या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या १४ क्रमांकाच्या गाइडलाइनमध्ये महिन्याच्या आकड्यांना एनएमबीई (एकूण सरासरी चूक) ५ टक्क्यांच्या आणि सीव्हीआरएमएसई (महिन्यामहिन्यातली चढउताराची चूक) १५ टक्क्यांच्या आत लागते. पहिल्या झटक्यात जवळपासही येणार नाही. माझं पहिलं मॉडेल तर रात्रभर सगळे दिवे चालू ठेवून बसलं होतं, वेळापत्रक डीफॉल्टवर राहिलेलं! कुठे चुकलं हे शोधताना जे कळतं ते कुठल्याच कोर्सात मिळत नाही. मी मुलाखत घेते तेव्हा प्रमाणपत्र बाजूला ठेवून हेच विचारते.

आणि एकदा तरी ब्लोअर डोअर चाचणीला हजर राहा, इमारतीतून हवा कुठे गळते ते त्यात दिसतं. दारात पंखा बसवून आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक करतात. पॅसिव्ह हाउसला (अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचं मानक) त्या दाबाला तासाला ०.६ हवाबदल एवढीच सूट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खिडक्या ठीक निघाल्या आणि भिंतीतल्या प्लग पॉइंटच्या खोक्यातून शिट्टी वाजत होती. वायरमनने पाडलेलं भोक कुणी बुजवलंच नव्हतं. ड्रॉइंगमध्ये ते भोक कुठे दिसणार?

पदव्युत्तरचं म्हणाल, तर आधी सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचं तापमान आणि ओलावा दाखवणाऱ्या आलेखावर, हाताने दहा गणितं करा. मजा आली तर बिल्डिंग फिजिक्स, डोकं दुखलं तर स्ट्रक्चर. चेष्टा नाही करत.

राहिली ती काच. तुम्ही ऑर्डर आणि मॉडेल शेजारी ठेवून पाहिलंत, तेच तर अभियंत्याचं काम. लोड किती किलोवॅटने वाढला, बाहेरून सावली दिली तर किती उतरतो, तेवढं एका पानावर लिहा आणि मेलने पाठवा. तोंडी सांगितलेलं "राहू दे" म्हणून संपतं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. काल रात्री पश्चिमेच्या खिडक्यांना मॉडेलमध्ये बाहेरून सावलीच्या उभ्या पट्ट्या (फिन) लावून पाहिल्या, वाढलेल्या लोडातला बराचसा उतरला. मेल लिहून ठेवलाय, पाठवायचं बटण अजून दाबलेलं नाही. सोमवारी दाबते.

कॉलमकाका, ते ५६ दिवसांचं वाक्य नक्की कुठे लिहितात? जनरल नोट्समध्ये की काँक्रीटच्या ग्रेडच्या तक्त्यात?