‘वेक-अप रिसीव्हर’ला मराठीत काय म्हणावं?

पऱ्हाटी: वावरातल्या ओलाव्याच्या सेन्सरवर गावच्या पोरांसाठी मराठीत लिहितोय. ‘ग्राही’ पुस्तकातच राहू द्या, ‘रिसीव्हर’ सगळ्यांना कळतो. अडलंय ‘वेक-अप’वर. सेन्सरचा मुख्य रेडिओ रिसीव्हर नुसता ऐकत बसला तरी १० मिलिअँपिअरच्या घरात खातो. सीआर२०३२ हा बटन सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे कागदावरसुद्धा २२ तासांत खलास. म्हणून त्याला झोपवायचं आणि काही मायक्रोअँपिअरवर चालणारं छोटं सर्किट ऐकत ठेवायचं. रेडिओवर हाक आली की ते मोठ्याला उठवतं; तोच वेक-अप रिसीव्हर. ‘जागृतिग्राही’ सुचला, पण तो प्रवचनातला वाटतो.

धुरा: काऊन शोधता भाऊ? डुकरं येतात म्हनून मानूस रात्री वावरात जागलीले जाते. तो जागल्या. तुमचं सर्किट तेच करते.

कोशकिडा: शब्द झकास. मात्र ‘जागल्या’ म्हणजे रात्री गावाची राखण करणारा गावकामगारही, आणि ते काम जातीशी बांधलेलं होतं. ‘जागल-रिसीव्हर’ करा.

सोल्डर: चालेल, पण सरसकट लावू नका. बरेच जण मुख्य रिसीव्हरच दर सेकंदाला ५ मिलिसेकंद उठवतात. सरासरी ५० मायक्रोअँपिअर, सेल सहा महिने. पण हाक सेकंदभर उशिरा पोचू शकते. ती डुलकी झाली, जागल नव्हे. जागल-रिसीव्हर सतत ऐकतो. त्याला हे परवडतं कारण करंट खाणारे लोकल ऑसिलेटर (आतच लहरी तयार करणारा) आणि आरएफ अँप्लिफायर (आलेला रेडिओ सिग्नल वाढवणारा) बहुतेकदा काढलेले असतात. उरतात अँटेना, मॅचिंगची कॉइल (अँटेना पुढच्या सर्किटशी जुळवणारी), डायोड डिटेक्टर (सिग्नलचं साधं व्होल्टेज करणारा), कंपॅरेटर (ते व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या वर गेलं का बघणारा). त्यापायी कान मंद होतो: क्षीण सिग्नलचं व्होल्टेज निम्मं झालं की डिटेक्टरचं आउटपुट थेट पाव. म्हणून हे जवळच्या अंतराचंच काम.

पऱ्हाटी: आणि शेजाऱ्याच्या रिमोटनं उठला तर? ‘फॉल्स वेक-अप’ला काय लिहू?

धुरा: हूल. आवाज आला, उठून पायलं तं काईच नाई.

सोल्डर: ‘हूल’ नक्की घ्या. कंपॅरेटरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ती ठरलेली पातळी, खाली ठेवला की हुली वाढतात, वर नेला की खरी हाक हुकते. उपाय म्हणजे पत्ता: ठरलेला बिटांचा क्रम जुळला तरच मोठ्याला उठवायचं. क्रम लांब केला तर हुली घटतात, पण ऐकायला वेळ जास्त लागतो.

कोशकिडा: थ्रेशोल्डला ‘उंबरठा’ लिहिणार का?

धुरा: नोका लिहू, पोरं हासतीन.