मदत हवी आहे: नवीन चार्टर हायस्कूलच्या पहिल्याच तुकडीत मुलाला घालावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही लॉस एंजेलिसजवळ, सॅन फर्नांडो व्हॅलीत राहतो. मुलगा सातवीत आहे. इथले काही पालक आणि शिक्षक मिळून चार्टर हायस्कूल काढायच्या खटपटीत आहेत. पहिल्या वर्षी जितकी मुलं धरली आहेत, त्याच्या निम्म्या तरी पालकांच्या सह्या शाळेच्या मंजुरीच्या अर्जावर लागतात. सही म्हणजे 'मुलाला इथे घालण्यात आम्हाला खरंच रस आहे' असं लिहून देणं, त्यामुळे माझा हात अडतोय.

भारतातल्या वाचकांसाठी: चार्टर शाळा थोडीफार आपल्या अनुदानित शाळेसारखी. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार स्वतंत्र मंडळाचा. प्रवेशाचे अर्ज जास्त आले तर सोडत. कॅलिफोर्नियात हा कायदा १९९२ साली झाला.

सगळे ग्रनाडा हिल्स चार्टरचं उदाहरण देतात. २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं त्यांनी अकॅडेमिक डेकॅथलॉनचं (हायस्कूलच्या संघांची दहा विषयांची स्पर्धा) राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, अभिमानच वाटतो. पण ती शाळा १९६० पासूनची, चार्टर झाली २००३ मध्ये. इमारत, मैदान, शिक्षक सगळं आधीपासून होतं. आमच्याकडे अजून एक खोलीही नाही. सुरुवात फक्त नववीने, मग दरवर्षी एक इयत्ता वाढणार. म्हणजे चारही वर्षं माझ्या मुलाच्या पुढे कुणीच नसणार. कुणाला विचारायचं, कुणाकडे बघून शिकायचं?

आणि खरी धास्ती कॉलेजची. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला 'ए-जी' यादीतले मान्य विषय लागतात. नव्या शाळेला ती मान्यता वेळेत मिळते का? कुणाचं मूल अशा पहिल्या तुकडीत होतं का? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझी मुलगी दुसऱ्या एका उपनगरातल्या अशाच शाळेच्या पहिल्या तुकडीत होती. पहिलं वर्ष भाड्याच्या जागेत गेलं, प्रयोगाचं सामान चाकांच्या टेबलावरून या वर्गातून त्या वर्गात फिरायचं. खेळाचा संघ नव्हता, याचं तिला फार वाईट वाटलं. पण वर्गात मोजकी मुलं, आणि नववीतच तिने शाळेचं वार्तापत्र सुरू केलं. मोठ्या शाळेत ते जमलं नसतं.

सहीआधी तीन गोष्टी विचाराच: मुख्याध्यापक ठरले का, जागेचं काय (प्रॉपोझिशन ३९ या राज्याच्या कायद्याखाली डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, जागा मागता येते, पण दरवर्षी नव्याने), आणि मुलं कमी आली तर अंदाजपत्रक कसं. ए-जीचा अर्ज कोण भरणार त्याचं नावच मागा. शाळेच्या मंजुरीचा अर्ज दाखल झाला की ६० दिवसांत जाहीर सुनावणी होते, तिला जाऊन बसा. डिस्ट्रिक्टची बाजूही ऐका. चार्टर कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यांना आपल्या शाळांवरचा आर्थिक परिणाम बघून नकार देता येतो.

धागाकर्ती

खूप आभार. मुख्याध्यापकांचं विचारायचं सुचलंच नव्हतं. शनिवारी पालकांची बैठक आहे, मुलालाही घेऊन जाते. आणखी कुणाचा अनुभव असेल तर लिहा, विशेषतः अकरावी-बारावीतला.