वय २३, क्लिनिकने केस प्रत्यारोपणाचे ३५०० ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे एक-दोन-तीन केसांचे पुंजके) सुचवलेत. आत्ता करावं की थांबावं?

चिंतातुर_कोपरे:
वय २३. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, नॉरवूड (टक्कल मोजायची १ ते ७ ची पट्टी) ३ म्हणता येईल. टाळूवरही विरळ वाटतंय. वडील आणि मामा दोघंही नॉरवूड ६. सध्या फक्त ५% मिनॉक्सिडिल (केस वाढायला वरून लावायचं औषध), तेही अधूनमधून. क्लिनिकवाले म्हणतात एकाच दिवसात ३५०० ग्राफ्ट एफयूईने (एकेक ग्राफ्ट सुटा काढायची पद्धत) लावू, हेअरलाइन शाळेत होती तिथे आणू आणि नंतर गळती रोखायच्या गोळ्या लागणार नाहीत. आकडा बरोबर वाटतो का? गोळी खरंच टाळता येते का?

मुळापासून:
थांबा. नुसतं वय नव्हे, हिशेबच जुळत नाहीये.

प्रत्यारोपणात नवा केस तयार होत नाही, मागचा पुढे जातो. डोक्याच्या मागच्या पट्ट्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. त्यातले निम्म्याच्या आसपास काढले की मागची बाजू विरळ दिसू लागते. त्यामुळे चांगला डोनर (हाच मागचा, केस देणारा भाग) असला तरी आयुष्यभरात ५ ते ६ हजार ग्राफ्ट मिळाले तर खूप. केस बारीक असतील तर त्याहून कमी. ही ठेव एकदाच मोडता येते, तिच्यावर व्याज नाही.

आता खर्चाची बाजू. नॉरवूड ६ म्हणजे ढोबळमानाने २०० चौ. सें.मी. उघडा भाग. दर चौ. सें.मी.ला ४० ग्राफ्ट धरले तरी ८००० लागतात, म्हणजे पूर्ण डोकं भरणं मुळातच शक्य नाही. अशात नॉरवूड ३ला ३५०० उडवले तर उरले दीड ते अडीच हजार. लावलेले केस सहसा टिकतात, पण त्यांच्यामागचे तुमचे मूळचे केस गळतच राहणार. मग पुढे दाट पट्टी, मागे मोकळं मैदान, आणि भरायला माल नाही. शाळेतली हेअरलाइन तर चाळिशीत आणखीच विचित्र दिसेल.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. डोनरचा कायम टिकणारा पट्टा नेमका कुठपर्यंत आहे, हे तेविसाव्या वर्षी ठरवता येत नाही. मोठा आकडा गाठायला त्या पट्ट्याच्या वरखालून ग्राफ्ट उचलले, तर ते पुढे लावूनही कालांतराने बारीक होऊन गळू शकतात. शिवाय मागचे केस विरळ झाले की एफयूईचे पांढरे ठिपके उघडे पडतात.

भिंगवाला:
वरच्याशी सहमत. पण त्याआधी निदान पक्कं करा. त्वचारोगतज्ज्ञाकडून ट्रायकोस्कोपी (भिंगाखाली केस-त्वचेची तपासणी) करून घ्या आणि फक्त पुढचा भाग नाही, मागची बाजूही भिंगाखाली बघायला सांगा. तिथेच २०% पेक्षा जास्त केस बारीक झालेले असतील तर प्रत्यारोपणाचा विषय संपला, कारण नेलेले केसही गळतील. मोठा ताप किंवा एकदम वजन उतरवल्यावर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती वेगळी, ती बहुतेक वेळा आपोआप भरून येते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या.

पुरुषी टक्कल ठरलं तर रूढ मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने फिनास्टराइड (गळती रोखायची गोळी) १ मिग्रॅ रोज, आणि मिनॉक्सिडिल ५% १ मिली दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. केसांवर नव्हे, त्वचेवर. अधूनमधून लावणं म्हणजे न लावणंच. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढलेली दिसू शकते. जुने केस नव्या चक्रासाठी जागा सोडत असतात. बहुतेक लोक नेमकं तेव्हाच बंद करतात. दर तीन महिन्यांनी त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून, केसांची लांबी तेवढीच ठेवून फोटो काढा. निकाल १२ महिन्यांनी बघायचा. आरशात रोज बघून काही कळत नाही.

चिंतातुर_कोपरे:
फिनास्टराइडबद्दल वाचून धास्ती बसलीय. नुसतं वरून लावायचं मिळतं ते चालेल?

भिंगवाला:
धास्ती अगदीच निराधार नाही. थोड्या टक्के पुरुषांत कामेच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण, वीर्य कमी होणं दिसतं. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर सुधारतं, काहींनी मात्र त्रास नंतरही राहिल्याचं नोंदवलंय. मन उदास होऊ लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. नैराश्य आधीपासून असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. लावायच्या प्रकारात रक्तातला डीएचटी (केस बारीक करणारं हार्मोन, जे हे औषध कमी करतं) कमी उतरतो, पण उतरतोच. आणखी तीन गोष्टी: गर्भवती स्त्रीने तुटलेली गोळी हाताळायची नाही, गोळी चालू असताना रक्तदान नाही, आणि पुढे कधी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) केली तर गोळीचं सांगा, कारण आकडा जवळपास निम्मा येतो.

औषध अजिबात घ्यायचं नसेल तर तोही निर्णय ठीक आहे. पण मग केस नॉरवूड ६ पर्यंत जाणार असं धरूनच पुढचा आराखडा करावा लागेल. ‘गोळ्या लागणार नाहीत’ याचा अर्थ एवढाच की लावलेल्या केसांना लागणार नाहीत.

पंच_०_९:
थोडा वेगळा सूर लावतो. पंचविशीच्या आत नाहीच, असा काही कायदा नाही. वर्षभर औषधावर गळती थांबलेली फोटोंत दिसली आणि डोनर चांगला निघाला, तर १२०० ते १८०० ग्राफ्टचं माफक काम होऊ शकतं, तेही फक्त पुढच्या भागात. हेअरलाइनचा मधला बिंदू भुवयांच्या मधोमधपासून ७ ते ९ सें.मी. वर, कोपरे थोडे उघडेच ठेवायचे. पहिल्या दोन-तीन ओळींत एक केसाचेच ग्राफ्ट हवेत, नाहीतर बाहुलीच्या केसांसारखे झुबके दिसतात. टाळूला या वयात हात लावू नका. तिथे ग्राफ्ट कितीही घाला, कमीच पडतात, आणि टक्कल बाहेर पसरत गेलं की मधे बेट उरतं.

क्लिनिकला विचारायचे प्रश्न: भूल कोण देणार, पंच (ग्राफ्ट काढायचं बारीक गोल पातं) कोण चालवणार, ग्राफ्ट बसवायच्या चिरा कोण पाडणार? उत्तर ‘आमची टीम’ असेल तर उठून या. डॉक्टर त्याच दिवशी आणखी किती पेशंट करतात? ग्राफ्ट काढताना मूळ कापलं जाण्याचं प्रमाण मोजतात का? ग्राफ्ट शरीराबाहेर किती तास राहतील आणि थंड द्रावणात ठेवतात का? कोरडा पडलेला ग्राफ्ट वाया जातो, आणि ३५०० च्या दिवसात शेवटचे ग्राफ्ट बरेच तास बाहेर पडून असू शकतात. ॲड्रेनालिनसह लिग्नोकेनची (भुलीचं औषध) मर्यादा वजनाच्या दर किलोला साधारण ७ मिग्रॅ असते. लांबलेल्या कामात वारंवार टोचताना ती ओलांडली जाऊ शकते, म्हणून आपत्कालीन सोय आहे का तेही बघा.

मुळापासून:
आणखी एक. ‘३५००’ म्हणजे ग्राफ्ट की केस, ते लिहून घ्या. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस असतात, आणि आकडा फुगवायचा सोपा मार्ग म्हणजे दोन केसांचा ग्राफ्ट चिरून दोन दाखवणं. एक, दोन, तीन केसांचे किती, असा तक्ता मागा.

चिंतातुर_कोपरे:
आणि उद्या केलंच तर दिसायला किती वेळ?

पंच_०_९:
दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांपर्यंत उतरते, घाबरायचं नाही. डोकं उंच ठेवून झोपायचं. खपल्या दहा दिवसांत पडतात, ओढायच्या नाहीत. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात, मूळ आत राहतं. शेजारचे मूळचे केसही झटक्याने गळू शकतात, त्यातले आधीच अशक्त असलेले परत येतीलच असं नाही. नवी वाढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून, पूर्ण चित्र बारा महिन्यांनी. तारीख ठरवताना हे धरूनच ठरवा.