प्रति: बँकेच्या डोक्यावर आणखी एक कंपनी कशाला?

वर कुणीतरी म्हटलंय की बँकेवर होल्डिंग कंपनी (म्हणजे बँकांची मालकी स्वतःकडे ठेवणारी कंपनी) बसवणं म्हणजे निव्वळ कर वाचवायची युक्ती. अमेरिकेत तरी मूळ कारण वेगळं होतं. टेक्सासमध्ये १९८६ पर्यंत बँकांना शाखा काढायला राज्यघटनेचीच बंदी होती. मग वाढायचं कसं? वर एक कंपनी काढायची आणि तिने गावोगावच्या वेगवेगळ्या बँका विकत घ्यायच्या. कागदोपत्री बँका अनेक, मालक एकच.

सॅन अँटोनियोची फ्रॉस्ट बँक हे याचं माझं आवडतं उदाहरण. टी. सी. फ्रॉस्ट या दुकानदाराने १८६८ मध्ये सुरुवात केली. मेंढपाळांची लोकर तो गोदामात ठेवून घ्यायचा, भाव येईपर्यंत. त्यातूनच उधारी आणि पुढे बँक. म्हणजे आपल्याकडच्या अडत्यासारखाच मामला! १९७७ मध्ये ह्यूस्टनच्या कलन बँकर्सशी विलीनीकरण होऊन 'कलन/फ्रॉस्ट' ही होल्डिंग कंपनी झाली.

खरी परीक्षा पुढे होती. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, पाठोपाठ जमिनीचे. टेक्सासच्या दहा मोठ्या बँकांपैकी नऊ बुडाल्या किंवा बाहेरच्यांनी घेतल्या. 'फर्स्ट रिपब्लिक बँक' १९८८ मध्ये बुडाली आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या एनसीएनबी या बँकेकडे गेली. तगली ती फ्रॉस्ट, सरकारी मदतीशिवाय. २००८ च्या आर्थिक संकटातही तिने सरकारी भांडवल नाकारलं. आता याला शहाणपण म्हणा की कंजूषपणा. भागधारकांची तक्रार नसावी.

राहिला कराचा मुद्दा. तो असेलही, पण नंतरचा.