गोबरगॅस बसवायचा धंदा करायचा म्हणतोय, पाटण भागात चालेल का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. वय ३४. हिंजवडीच्या टॉवरांमध्ये ९ वर्षं प्लंबिंग केलं. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून गेल्या दिवाळीत गावी आलो आणि आता परत जायचं मन नाही. घरी दोन म्हशी, थोडं भात, थोडा घेवडा.

गावात फिरून मोजदाद केली. एकूण ११ गोबरगॅस, चालू फक्त ३. दोन जुने लोखंडी टोपाचे आहेत, त्यातला एक टोप गंजून चाळण झालाय. एकाच्या टाकीवर फरशी टाकून कडब्याची गंज रचलीय. बंद असलेले बाकीचे जमिनीत गाडलेल्या घुमटाचे, वरून धड दिसतात.

मेव्हणा गवंडी आहे, पाइपाचं काम मला येतं. हाताशी दीड लाख. पक्का विटांचा घुमट बांधून द्यायचा, की कंपन्यांच्या तयार रबरी पिशव्या येतात त्या बसवायच्या? एका कामाला किती घ्यावेत? आणि अनुदानाचं नेमकं कसं असतं? जाणकारांनी सांगावं.

घाटावरचा

घरोघरी सिलिंडर आलाय भावा. शेणात हात घालायला आता सुना तयार नाहीत. दीड लाखाच्या शेळ्या घे.

चिरेखाण

शेळ्यांचा सल्ला बाजूला ठेव. मी कुडाळकडचा, गवंडी, २२ वर्षं हेच काम करतोय. आमच्या सिंधुदुर्गात गोबरगॅस नवलाचा नाही. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानानं गावोगाव इतके उभे केले की सोयरीक जमवताना लोक तेही विचारतात. त्यामुळे चालतो का हा प्रश्न सोड, कोणाकडे चालतो ते बघ.

पहिली गोष्ट शेण. २ घनमीटरच्या गॅसला (म्हणजे दिवसाला २ घनमीटर गॅस देणाऱ्या) रोज ५० किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. बांधलेली गाय दिवसाला १० किलो देते, म्हैस १५ च्या आसपास. गिऱ्हाईक सांगतं, चार जनावरं आहेत. आपण विचारायचं, चरायला जातात का? तुमच्याकडे डोंगरावर जाणारी गुरं अर्धं शेण डोंगरालाच देऊन येतात. मी सकाळी सातला न सांगता गोठ्यात जातो आणि पाटी स्वतः उचलून बघतो. शेण कमी असेल तर १ घनमीटरचा बांध, नाहीतर सरळ नाही म्हण. मोठा बांधून अर्धा उपाशी ठेवलेला गोबरगॅस आयुष्यभर तुझी बदनामी करत बसतो.

दुसरी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. एकाचं काम मे महिन्याच्या शेवटी पुरं केलं. घुमट झाला, आतला गिलावा झाला, घोटाई झाली, पाणी मारून झालं. भरायला शेणच नाही! पहिल्या भरणीला २ घनमीटरच्या गॅसला दोन टनांच्या घरात शेण लागतं. त्याच्याकडे जनावरं तीन, म्हणाला हळूहळू भरू. मृग लागला, जमिनीतलं पाणी वर आलं आणि रिकाम्या टाकीचा तळ खालून उचलला. तळाची फरशी पापडासारखी तडकली. सिमेंट माझं, बिगारी माझे, वर त्याच्या आईची बोलणी. तेव्हापासून नियम केला: आधी शेणाचा ढीग दाखवा, मग मी खड्ड्याची आखणी करतो. तुमच्या पाटणच्या पश्चिमेला पाऊस आमच्यासारखाच, तेव्हा दिवाळी ते होळी एवढाच बांधकामाचा हंगाम धर.

पिशवी की घुमट म्हणशील तर तुझ्या भांडवलाला दोन्ही जमेल. पिशवी एका दिवसात बसते, पाणी लागणाऱ्या जागी खोल खणावं लागत नाही. पण कुंपण आणि सावली पाहिजे, नाहीतर कुत्रं नाहीतर कोयता, कोणीतरी भोक पाडतंच. दीनबंधू, म्हणजे जमिनीतला पक्का विटांचा घुमट, नीट बांधला तर वीस वर्षं बघावं लागत नाही. मात्र 'नीट' हा शब्द मेव्हण्याला समजला पाहिजे. घराची भिंत बांधणारा गवंडी आणि घुमटाचा गवंडी वेगळे. सेंटरिंग (खालचा तात्पुरता आधार) न लावता, मधल्या खुंटीला दोरी बांधून वीट वीट फिरवत आणायची असते. आतल्या गिलाव्याला सुईएवढं छिद्र राहिलं तरी गॅस निघून जातो. पहिले दोन घुमट त्याला जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी म्हणून करू दे, राग आला तरी. पुरा झाल्यावर टाकीत पाणी भरून खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. पाणी उतरलं तर शेण घालायचं नाही.

अनुदान: केंद्राच्या २०२२ च्या जैवऊर्जा कार्यक्रमात १ ते २५ घनमीटरला आकार आणि प्रवर्गानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये ठरवले होते. अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात. यंदा काय चालू आहे ते तिथेच जाऊन विचार. पण गिऱ्हाइकाला 'अनुदान आलं की द्या' असं कधी म्हणू नकोस. एका कामाचं अनुदान एका साहेबाच्या टेबलावर १४ महिने पडलं होतं, तोवर सिमेंटवाला माझ्या दारात. मी तीन हप्ते घेतो: खड्डा, घुमट आणि चूल पेटल्यावर. गेल्या वर्षी २ घनमीटरचं काम मटेरियल-मजुरीसकट ४५ हजारांच्या आसपास गेलं, त्यात माझे सहा सुटले. योजनेतलं काम घेतलंस तर ५ वर्षांच्या देखभालीची हमीही तुझ्याच गळ्यात येते, ती किमतीत धर.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नको. जुन्या टाकीत उतरायचं नाही. शेणाची टाकी रिकामी दिसली तरी आत विषारी वायू असतो, पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. घुमट आतून फुटलाय असं वाटलं तर ते काम पहिली दोन वर्षं घेऊच नकोस.

माझं विचारशील तर नवा एकही बांधायच्या आधी त्या बंद आठांकडे जा. वही घेऊन, प्रत्येक का बंद पडला ते लिहून काढ. तू प्लंबर आहेस, निम्म्यांचं दुखणं तुझ्याच हातचं निघेल.

कागलची_सून

चिरेखाण दादांनी गोठ्याचं सांगितलं, मी चुलीपाशी बसणारीचं सांगते. आमच्याकडे सहा वर्षं झाली. सासऱ्यांनी बांधून घेतला, शेण कालवते मी. आमची शेणकाल्याची टाकी गोठ्यापासून चाळीस पावलांवर, आणि तीही गोठ्यापेक्षा उंच! रोज दोन पाट्या डोक्यावर. जागा ठरवली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. कोयनाकाठ भाऊ, तुम्ही आखणी कराल तेव्हा घरातल्या बाईला बोलवा, तिला म्हणा पाटी उचलून चालून दाखवा.

घाटावरच्या भावांना एक उत्तर. सिलिंडर आमच्याकडेही आहे, पाहुणे आले की लावतो. रोजचा भात, भाकरी, अंघोळीचं पाणी गोबरगॅसवरच. थंडीत गॅस कमी येतो तेव्हा कोमट पाण्यात शेण कालवते, तेवढ्यानं फरक पडतो. आणि टाकीतून बाहेर पडणारी शेणाची मळी उसाला जाते, तिच्यासाठी शेजारी भांडतात.

ठाणेकर_खरकटं

मी शहरातलं करतो, खरकट्यावर चालणारे. पुण्याच्या आरती संस्थेनं एका प्लास्टिकच्या टाकीत दुसरी उलटी बसवून घरगुती मॉडेल काढलं, २००६ मध्ये त्याला हरित ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. तेव्हापासून शहरात थोडीफार मागणी आहे. पण यात बसवण्यापेक्षा शिकवण्यात जास्त वेळ जातो. गणपतीत एका सोसायटीनं उरलेले सगळे मोदक आणि लिंबाची सालं एकदम घातली, टाकी आंबली, आठ दिवस नुसता आंबट वास. खाणं बंद ठेवून शेणपाणी घालून सावरावी लागली. पाटणहून कराडच्या हॉटेलवाल्यांकडे जाता येईल तुम्हाला, पण वार्षिक देखभालीचा करार केल्याशिवाय हात लावू नका.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय कारण वही घेऊन फिरत होतो.

आठांपैकी तिघांनी जनावरंच विकली, ते सोडले. गंजलेला टोप सोडला. कडब्याच्या गंजीवाल्यांनी दारातच चहा पाजून वाटेला लावलं. दोघांचा पाइप फुटलाय, तो होईल. एकाचा घुमट गळतोय असं वाटतं, तिकडे चिरेखाण काकांनी सांगितल्याप्रमाणे गेलो नाही.

पण पहिली कमाई चालू असलेल्या तिघांतून झाली. शेजारच्या काकूंची ज्योत दिवाळीपासून फडफडायची, भात शिजायला तास लागायचा. त्या म्हणायच्या टाकी म्हातारी झाली. पाइपावर हात फिरवत गेलो. स्वयंपाकघराच्या मागे त्यांनी गॅसच्या पाइपालाच कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती! गोधडीच्या वजनानं पाइपाला झोळ पडलेला, आणि झोळात पाणी. टाकीकडचा कॉक बंद केला, जोड सोडला, तांब्याभर काळपट पाणी निघालं. पाइपाला टाकीकडे उतार दिला, सखल जागी पाणी काढायची तोटी बसवली, दोरी पेरूच्या झाडाला बांधली. संध्याकाळी काकूंनी हाक मारून निळी ज्योत दाखवली. ३०० मागितले होते, २०० आणि पायलीभर घेवडा मिळाला. त्यानंतर खालच्या आळीतून दोन फोन आलेत.

मेव्हण्याशी बोललो, बिगारी व्हायला तयार नाही अजून. बघू.

एक विचारायचं होतं. काहींकडे सिलिंडरचीच शेगडी जोडलीय, ज्योत धड लागत नाही. शेगडीत गॅस सोडणाऱ्या जेटचं भोक ड्रिलनं मोठं करून चालेल का?

चिरेखाण

अंदाजानं ड्रिल मारू नको. बायोगॅसचा दाब कमी असतो, त्याला भोक आणि हवेचं प्रमाण दोन्ही वेगळं लागतं. बायोगॅसचीच शेगडी मिळते, आयएसआय मार्क बघून घे. दोन आणून घरी ठेव, एक विकायला, एक दाखवायला. आणि मेव्हण्याला माझ्याकडे पाठव, जानेवारीत पिंगुळीला तीन कामं आहेत. राहायची सोय आहे, मासे खात असेल तर.