रबरी सीलच्या कारखान्यासाठी एआय सल्लागार: धंदा जाणणारा घ्यावा की मोजमाप जाणणारा?

वागळे इस्टेटकर:

वागळे इस्टेटमध्ये आमचा रबरी ऑइल सील आणि गॅस्केट बनवण्याचा लघुउद्योग आहे. मोल्डिंगनंतर प्रत्येक नग नजरेने तपासला जातो आणि फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेले जादा रबर), हवेचा बुडबुडा किंवा शॉर्ट मोल्डिंग (साचा पूर्ण न भरल्याने अपुरा राहिलेला नग) दिसले की तो बाजूला काढला जातो. ही तपासणी कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करावी, तसेच ईमेल आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या परचेस ऑर्डर वाचून त्यांच्या नोंदी टॅलीत जाव्यात, असा आमचा विचार आहे. त्यासाठी दोन प्रस्ताव हाती आहेत. एक ऐरोलीतील मोठ्या सल्लागार संस्थेचा आहे. दुसरा ठाण्यातील दोघा अभियंत्यांचा, ज्यांनी पूर्वी कारखान्यांच्या क्वालिटी विभागात काम केले आहे.

सनदी लेखापालाला १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व घेतल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. एआय सल्लागाराला आपल्याकडे असा कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे पारख करण्याची सगळी जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. माझे स्पष्ट मत आहे की लहान कारखान्याने धंदा जाणणाऱ्यालाच निवडावे. ऐरोलीचे प्रतिनिधी पहिल्या भेटीत सादरीकरणच दाखवत राहिले, तर ठाण्याच्या दोघांनी आधी रिजेक्शनची पेटी पाहायला मागितली. मला हा फरक निर्णायक वाटतो.

महापे डेटा:

मी याच्या उलट मत मांडतो. धंद्याचे ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे, ते बाहेरून विकत घेण्याचे कारण नाही. उणीव आहे ती मोजमापाच्या ज्ञानाची. समजा, हजार नगांत वीस सदोष आहेत. प्रत्येक नगाला चांगला म्हणणारी यंत्रणा ९८० वेळा बरोबर ठरेल, म्हणजे तिची अचूकता ९८ टक्के भरेल, आणि तरीही तिला एकसुद्धा सदोष नग सापडलेला नसेल. म्हणून अचूकतेचा एकच आकडा सांगणाऱ्या सल्लागाराला दोन आकडे वेगवेगळे विचारावेत: सदोष नगांपैकी किती सुटले, आणि चांगल्या नगांपैकी किती विनाकारण बाद झाले. पहिल्याची किंमत ग्राहकाकडून परत येणाऱ्या मालात मोजावी लागते. दुसऱ्याची किंमत भंगारात जाते, कारण व्हल्कनाइज झालेले, म्हणजे साच्यात उष्णतेने कायमचे पक्के झालेले रबर प्लास्टिकसारखे वितळवून पुन्हा साच्यात घालता येत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

दुसरी गोष्ट चाचणीच्या नगांची. ज्या छायाचित्रांवर मॉडेल, म्हणजे दोष ओळखणारी प्रणाली, शिकवले त्यांच्यावरच, किंवा त्याच बॅचमधील शेजारच्या नगांवर त्याची परीक्षा घेतली, तर निकाल उत्तमच लागतो. पुढे काळ्या रबरावर पडणाऱ्या प्रकाशाचा कोन थोडा बदलला, साचा झिजला किंवा कंपाऊंडचा (रबराच्या कच्च्या मिश्रणाचा) पुरवठादार बदलला की तेच मॉडेल चुकू लागते. चाचणीचे नग वेगळ्या बॅचचे, वेगळ्या साच्याचे आणि मॉडेलने कधीही न पाहिलेले असावे लागतात. ही शिस्त प्रत्यक्ष वापरात मॉडेल बिघडताना पाहिलेल्या माणसाकडेच असते; रिजेक्शनची पेटी पाहण्याच्या उत्सुकतेतून ती सिद्ध होत नाही.

वागळे इस्टेटकर:

दोन आकड्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु कोणता नग सदोष, हे आधी ठरवणार कोण? सीलच्या ओठावर, म्हणजे फिरत्या दांड्याला टेकणाऱ्या कडेवर, केसाएवढा फ्लॅश असेल तर तेल गळते. तेवढाच फ्लॅश बाहेरच्या व्यासावर असेल तर बहुतेक ग्राहक तो स्वीकारतात. आमच्याच दोन अनुभवी तपासनीसांचे काही नगांबाबत एकमत होत नाही. मॉडेलला शिकवण्यासाठी हजारो छायाचित्रांवर चांगले आणि वाईट अशा खुणा कराव्या लागणार, आणि त्या खुणाच चुकल्या तर त्यावर केलेले मोजमाप कितीही शास्त्रशुद्ध असले तरी निरुपयोगी ठरेल. धंदा जाणणारा सल्लागार हा मतभेद पहिल्याच दिवशी ओळखतो आणि खुणा करण्याआधी तपासनीसांना एकत्र बसवतो.

कोर्टनाका:

आपण दोघेही माणसाविषयी बोलत आहात. माझ्या मते माणूस कोणताही घ्या, करार आधी वाचा, कारण सल्लागार बदलण्याची वेळ येते तेव्हा फक्त कागद उपयोगी पडतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृती मानली जाते. नोकराने नोकरीत लिहिलेल्या प्रणालीची मालकी सर्वसाधारणपणे मालकाकडे जाते, पण बाहेरच्या सल्लागाराने पैसे घेऊन लिहिलेली प्रणाली लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचीच राहते. कलम १९ प्रमाणे हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतेच मानले जाते. त्यामुळे 'सर्व हक्क आपले' अशी मोघम ओळ पुरत नाही. मूळ प्रणाली, शिकवलेले मॉडेल आणि खुणा केलेली छायाचित्रे या तिन्हींचा वेगवेगळा उल्लेख हवा.

परचेस ऑर्डरवर माणसांची नावे आणि फोन क्रमांक असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, आपल्या वतीने दुसऱ्याने केलेल्या प्रक्रियेची जबाबदारीसुद्धा आपलीच राहते, करारात काहीही लिहिलेले असो. सुरक्षेच्या त्रुटीबद्दल कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ग्राहकांची ड्रॉइंग हा वैयक्तिक डेटा नाही, पण त्यांच्याशी आपण केलेले गोपनीयतेचे करार तपासा. ड्रॉइंग परदेशी सर्व्हरवर चढवण्यास त्यांत मनाई असू शकते.

महापे डेटा:

कराराचे महत्त्व मान्य करूनही मी असहमत आहे. मालकी हक्क चोख लिहून मिळालेले निकामी मॉडेल शेवटी निकामीच असते. निवड आधी करावी लागते, करार त्यानंतर येतो.

तुर्भे मार्केट:

परचेस ऑर्डर वाचण्यासाठी सल्लागार नेमण्याची कल्पनाच मला पटत नाही. मसाल्याच्या घाऊक व्यापारात आमच्याकडे हस्तलिखित चिठ्ठ्यांची छायाचित्रे येतात. बाजारात मिळणारी तयार सेवा ती वाचते आणि आमची लेखनिक नोंद टॅलीत जाण्यापूर्वी दर आणि वजन पडताळते. एवढ्यासाठी सल्लागाराचे शुल्क आणि वर मासिक वापराचे बिल भरणे लहान धंद्याला परवडत नाही. जो सल्लागार 'या कामासाठी माझी गरज नाही' असे आपणहून सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

वागळे इस्टेटकर:

ऑर्डर वाचण्याचे काम मी प्रस्तावातून वगळतो आहे; तुर्भ्याचा अनुभव पटण्यासारखा आहे. तपासणीसाठी मात्र बाहेरची मदत लागणारच. आता दोन्ही पक्षांना शुल्क देऊन एकच मर्यादित चाचणी द्यायची, असे ठरवले आहे. आमचे दोन तपासनीस काही नगांवर स्वतंत्रपणे निर्णय देतील, मतभेदाचे नग वेगळे काढले जातील, आणि वेगळ्या बॅचची एक पेटी सीलबंद राहील, जी चाचणीच्या दिवशीच उघडली जाईल. निकाल दोन वेगळ्या आकड्यांत मागितला आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मी ठाण्याच्या दोघांनाच काम देईन, कारण साचा बदलेल त्या दिवशी मला फोनवर रबर समजणारा माणूस हवा आहे.

महापे डेटा:

पद्धत योग्य आहे. फक्त त्या सीलबंद पेटीत ग्राहकांनी परत पाठवलेले सीलही घाला, कारण आपल्या तपासनीसांच्या नजरेतून सुटलेले दोष तेवढेच आपल्याकडे पुराव्यासह आहेत. आणि साचा बदलल्यावर मॉडेल कोण, किती दिवसांत आणि किती शुल्कात पुन्हा शिकवणार, हे चाचणीपूर्वीच दोघांकडून लेखी घ्या. त्या उत्तरात ठाण्याचे दोघे कमी पडले, तर जवळ असण्याचा फायदा उरत नाही, या मतावर मी ठाम आहे.