एडी कार्बोनला सरळ व्हिलन करून मोकळं होऊ नका राव

गोदाकाठचा:
आमच्या ग्रुपने नाशिकच्या गंगापूर रोडला एकाच्या घरी आर्थर मिलरच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'चं मराठीत वाचन केलं, आणि त्यावरून जी भांडणं लागली ती अजून मिटलेली नाहीत म्हणून इथे टाकतोय. नाटक माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रुकलिनचा रेड हूक भाग, एडी कार्बोन हा बंदरावर माल उतरवणारा इटालियन कामगार, बायको बिअ‍ॅट्रिस, आणि बायकोच्या वारलेल्या बहिणीची मुलगी कॅथरीन, जिला यांनीच वाढवलं. बायकोच्या नात्यातले दोन भाऊ, मार्को आणि रोडोल्फो, सिसिलीहून कागदपत्रांशिवाय येतात, एडी त्यांना घरात लपवतो. रोडोल्फो आणि कॅथरीनचं जमतं, एडीचं डोकं फिरतं, तो इमिग्रेशनला फोन करून दोघांना पकडून देतो आणि शेवटी मार्कोशी मारामारी होऊन स्वतःच्याच चाकूने मरतो.

आता आमच्या ग्रुपचं मत पडलं की भाचीवर डोळा ठेवणारा माणूस आहे, विषय संपला. मला हे फार सोपं वाटतं. या माणसाला पुरुष म्हणून जे जे शिकवलं ते त्याने केलंय ना, अंग मोडेपर्यंत काम केलं, मेव्हणीची पोर सांभाळली, बायकोच्या माणसांना आसरा दिला. मग एक पोरगा येतो जो गातो, स्वयंपाक करतो, कॅथरीनचा ड्रेस शिवून देतो, आणि पोरगी त्याच्यावर भाळते. एडी वकील अल्फिएरीकडे जातो तेव्हा त्याला धड बोलताच येत नाही, पोरगा 'बरोबर नाही' एवढंच घोकत बसतो. वकील म्हणतो यावर कायद्यात काही नाही. ज्याला आतलं काही बोलायचं शिकवलंच नाही तो हातच चालवणार.

पहिल्या अंकाचा शेवट बघा. एडी रोडोल्फोला बॉक्सिंग शिकवायच्या निमित्ताने एक ठोसा ठेवून देतो, सगळं हसतखेळत चाललंय असं दाखवत. मार्को त्यावर काही बोलत नाही. तो एक खुर्ची पुढे ठेवतो आणि एडीला म्हणतो एका हाताने, खालून पायाला धरून उचलून दाखव. एडीला जमत नाही. मार्को गुडघ्यावर बसतो, सावकाश उचलतो आणि एडीच्या डोक्यावर धरून उभा राहतो. बास, पडदा. त्याबद्दल एक शब्द न बोलता घरातला मोठा पुरुष कोण ते ठरलं, आणि तेही एडीच्याच घरात. त्या खुर्चीनंतर माणूस फुटणारच होता.

सिडकोवाली:
झालं, पुन्हा एकदा बिचारा पुरुष 🙄 दादा तुम्ही खुर्चीवर एवढं लिहिलंत आणि त्याच खोलीत उभ्या असलेल्या दोन बायकांवर एक ओळ नाही. तो बोलू शकत नाही म्हणताय, अहो तो पहिल्या सीनपासून बोलतोच आहे! स्कर्ट आखूड आहे, चालतेस कशी, हिल्स काढ, खिडकीतून हात काय हलवतेस. कॅथरीनला स्टेनोग्राफरची नोकरी लागते, आठवड्याला पन्नास डॉलर, तर आधी शिक्षण पूर्ण कर, मग तो एरिया बरा नाही, मग तिथली माणसं बरी नाहीत. हे न बोलता येणं आहे का? आमच्याकडे याला नोकरीला न जाऊ देणं म्हणतात आणि तेही काळजीच्या नावाखाली होतं, नेहमीच.

आणि बिअ‍ॅट्रिसला पहिल्यापासून सगळं कळलेलं आहे. महिनोन्‌महिने नवरा जवळ आलेला नाही हे ती त्याला तोंडावर विचारते, मी परत तुझी बायको कधी होणार. त्याचं उत्तर, मला बरं नाहीये आणि हा विषय नको. कॅथरीनलाही तीच बसवून सांगते की बाई तू आता लहान नाहीस, त्याच्यासमोर नुसत्या स्लिपवर फिरू नकोस, तो दाढी करतो तेव्हा टबच्या काठावर बसून गप्पा मारू नकोस. म्हणजे पुरुषाच्या डोक्यात काय चाललंय याचाही बंदोबस्त बायकांनीच करायचा. शेवटी घरात कॅथरीन आणि रोडोल्फोसमोर खरं काय ते तीच बोलते आणि तेव्हाही तो ऐकत नाही, त्याला 'माझं नाव परत दे' पाहिजे असतं मार्कोकडून. बायकोने दिलेलं उत्तर चालत नाही, दुसऱ्या पुरुषाकडूनच पाहिजे.

मिलरलाही हे नंतर दिसलंच. १९५५ ला न्यूयॉर्कमध्ये एकांकी होतं, १९५६ ला लंडनसाठी दोन अंकी केलं तेव्हा दोन्ही बायकांना वाढवलं, त्यांची बाजू नीट आणली. तुम्ही वाचलंत ते दोन अंकीच, मग त्यांना वगळून कसं वाचता?

अंबडचा फिटर:
ताई आणि भाऊ, दोघंही घराच्या आतच फिरताय, फोनवर कोणीच येत नाही. नाटकातला गुन्हा फोन आहे. मनात काय होतं त्यासाठी एडीला कोणी मारलं नसतं.

पाहुणे यायच्या आधीच जेवताना व्हिनी नावाच्या पोराची गोष्ट येते, त्याने घरात लपवलेल्या स्वतःच्या काकाची खबर सरकारला दिली, तर बापाने आणि भावांनी त्याला जिन्यावरून फरफटत खाली नेलं आणि भर रस्त्यात त्याच्यावर थुंकले. ही गोष्ट घरात चवीने सांगितली जाते, एडी स्वतः कॅथरीनला बजावतो की एकदा तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. म्हणजे त्याला किंमत पूर्ण माहीत होती. पुढे मार्को त्याच्या तोंडावर थुंकतो आणि म्हणतो याने माझी पोरं मारली. अतिशयोक्ती नाही ती. गावाकडे त्याची तीन पोरं आहेत, मोठा आजारी, मार्कोच्या पगारावर ती जेवणार होती. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने इटालियन लोकांचा कोटा वर्षाला सहा हजारांच्याही आत आणून ठेवला होता आणि ती पद्धत १९६५ पर्यंत चालली, तर लाईनीत उभा राहून मार्कोचा नंबर कधी लागणार होता? अशा माणसाला फोनवरून उडवायला ताकद लागत नाही. खुर्ची उचलता आली नाही म्हणून फोनचं डबडं फिरवलं. याला तुम्ही मर्दपणाची ट्रॅजेडी म्हणा, आमच्या शॉपवर याला खबऱ्या म्हणतात आणि त्याच्यासोबत कोणी डबा खात नाही.

आणि मिलरने खबऱ्या हा विषय हवेतून घेतला नव्हता. १९५६ लाच त्याला अमेरिकन संसदेच्या कमिटीसमोर उभं केलं, कम्युनिस्टांच्या बैठकांना आलेल्या इतरांची नावं सांग म्हणून, त्याने नाही सांगितली.

रंगपट:
वाद छान चाललाय पण मुद्द्याचं बोलू, हे राज्य नाट्य स्पर्धेला बसवायचं तर रूपांतर करा. सातपूरला खोली, धुळ्याहून आलेलं कुटुंब, गावचे दोन भाऊ एमआयडीसीत कामाला. कालिदास नाट्यगृहात पब्लिक लगेच कनेक्ट होईल. ब्रुकलिन कोण बघणार?

अंबडचा फिटर:
होणारच नाही ते. धुळ्याहून नाशिकला आलेल्याला कुठला ऑफिसर गाडीत घालून परत पाठवणार? फोनच मेला तर नाटक मेलं, उरलं काय, भाचीचं लफडं. यूपी-बिहारची माणसं घेतलीत तरी कायद्याने ती इथलीच. २००८ च्या फेब्रुवारीत ती माणसं नाशिकमधून गाड्या भरभरून गेली ते खरं, मी स्टेशनवरची गर्दी बघितलीये, पण ती भीतीने गेली, कोणा एकाने नाव दिलं म्हणून नाही. ते वेगळं नाटक आहे, लिहा कोणीतरी. हे ब्रुकलिनलाच राहू द्या, नावंसुद्धा तीच ठेवा.

सिडकोवाली:
फिटरदादांशी इथे शंभर टक्के सहमत. बाकी त्यांच्या खबऱ्यावाल्या मुद्द्यात बायका परत गायबच आहेत पण असो.

पडद्यामागे:
मला भीती वेगळीच आहे. आपल्याकडे रोडोल्फो कोणीही केला तरी तालमीच्या दुसऱ्या दिवशी त्याला मनगट वाकवायला लावतात, कारण हशा हमखास. आणि तसं केलं की एडी म्हणत होता ते खरंच ठरतं, मागे बसलेला प्रेक्षक एडीच्या बाजूने हसतो. नाटकात तो पोरगा तसा आहे की नाही हे मिलर कुठेच सांगत नाही, फक्त एडीच्या आणि बंदरावरच्या लोकांच्या तोंडून येतं. त्याला साधा, आनंदी, जरा पैशाचा हावरा, मोटरसायकलची स्वप्नं बघणारा पोरगा म्हणून करा. दुसऱ्या अंकात एडी दारू पिऊन येतो, आधी कॅथरीनला किस करतो आणि मग रोडोल्फोला धरून त्यालाही, तो बायकी आहे हे सिद्ध करायला. त्या एका किसपायी १९५६ ला लंडनच्या सेन्सॉरने सार्वजनिक प्रयोगाला परवानगी नाकारली, मग थिएटरचा क्लब करून मेंबरांसाठी प्रयोग लावले, पीटर ब्रुकने बसवलं होतं. आपल्याकडेही 'सखाराम बाइंडर'ला सेन्सॉरशी कोर्टात भांडावं लागलंच की. पण आज मला सेन्सॉरपेक्षा त्या जागी येणाऱ्या शिट्टीची काळजी वाटते.

गोदाकाठचा:
शिट्टीचा मुद्दा एकदम मान्य, रोडोल्फो सरळच वाचायचा. फिटरभाऊ, फोनला मी लहान करत नाहीये. पण तो फोन करतो कोण? ज्याने स्वतः व्हिनीची गोष्ट चवीने ऐकवली तोच. ज्या गल्लीत इभ्रत सोडून त्याच्याकडे दुसरं काही नाही तिथे तो ती स्वतःच्या हाताने घालवतो आणि मग चौकात उभा राहून परत मागतो. मला तो अजूनही व्हिलन वाटत नाही. ताई, बायकोचं तो ऐकत नाही हे बरोबर, पण मरताना नाव बिअ‍ॅट्रिसचंच घेतो आणि तिच्याच हातात मरतो, ते का लिहिलं असेल मग?

सिडकोवाली:
कारण तोवर तिच्याकडून काही मागायचं उरलेलं नसतं दादा. आणि मेलेल्या नवऱ्याला माफ करायला कोणाला त्रास होतो, जिवंतपणीचं बोला.

अंबडचा फिटर:
मार्कोचं कोणी विचारत नाहीये म्हणून शेवटचं टाकतो. जामिनावर सुटताना वकिलाने त्याच्याकडून शब्द घेतलेला असतो की एडीला मारणार नाही. रोडोल्फोने तर एडीची माफीही मागितलेली असते. तरी तो येतोच. सभ्य, कमी बोलणारा, पोरांना पैसे पाठवणारा माणूस, सगळ्यांना आवडतो, आणि खून त्याच्याच हातून होतो. चाकू एडीने काढला हे मान्य, पण मार्को तिथे गप्पा मारायला आला नव्हता. गोदाकाठचे भाऊ, पुढच्या वाचनाला मार्को मी वाचतो, मग बघू त्याला एवढी टाळी मिळते का.